रेडिएटरमधलं जिरं

मोटार तापली की लोक आधी ड्रायव्हरकडं बघतात, मग मालकाकडं, मग आभाळाकडं. पाण्याकडं कुणी बघत नाही. मी पाण्याकडं बघायचे. त्यावर आमची चूल वीस वर्षं पेटली.

मी काही इंजिनीयर नाही. निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत शाळा शिकले, त्यातलं निम्मं उर्दू आता विसरले. इंजिनातलं सगळं मला कळतं असंही नाही. तापलेली मोटार का तापली, एवढं कळतं. त्यावर लिहा असं लोक म्हणाले, म्हणून लिहिते. शोभेची भाषा हवी असेल त्यांनी पान उलटावं.

आमचं दुकान येडशी स्टेशनच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लोखंडी साखळी, हत्यारांची पेटी आणि पाण्याचा हौद. बार्शीकडून छोटी आगगाडी यायची. तिच्यातून उतरलेली माणसं धाराशिव-तुळजापूरला जायला मोटारीत बसायची. मोटारी मोजक्या, जुन्या, आणि लढाईचे दिवस असल्यामुळं सामान मिळायचं नाही. पेट्रोल परवान्यावर. त्यामुळं जी मोटार होती ती मरू द्यायची नाही, एवढाच आमचा धंदा.

मिस्त्री माझे यजमान होते, मी नव्हे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी एक मोटार उकळत आली. प्रवासी घाई करत होते. मिस्त्रींनी त्या घाईत रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर उडालं. एक डोळा गेला. दुसऱ्यानं उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. लोक मला म्हणाले, माहेरी जा. माहेरी भाऊ चार आणि भाकरी तीन. मी गेले नाही. मी बॉनेट उघडायला शिकले.

आमची कामाची रीत अशी पडली. मी बघायचे आणि सांगायचे. ते कान देऊन, हात लावून, वास घेऊन निवाडा करायचे. पहिल्या वर्षी मला शिव्या फार खाव्या लागल्या. "पाणी कसं हाय?" असं विचारलं की मी सांगायचे, "घाण हाय." ते म्हणायचे, "घाण म्हंजे काय? तांबूस घाण, का दुधाळ घाण, का तेलकट घाण? डोळे तुला दिलेत, नीट वापर." दुसऱ्या वर्षी शिव्या कमी झाल्या. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाईकं मला मिस्त्रीणबाई म्हणायला लागली.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनाच्या आत पेट्रोलचा जाळ होतो. तो जाळ सोसावा म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं असतं. गरम झालेलं पाणी वरच्या नळीतून पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथं बारीक नळ्या असतात, त्यांतून ते खाली उतरतं. पंखा आणि वारा त्याला निववतात, आणि निवलेलं पाणी खालच्या नळीतून परत इंजिनात जातं. एवढंच. मोटार तापली की चार गोष्टी बघायच्या. पाणी आहे का, पाणी फिरतंय का, वारा लागतोय का, आणि पाण्यात भलतं काही मिसळलंय का. पाणी तांबूस असलं तर गंज. पांढरी पुटं धरली असली तर खाऱ्या विहिरीचं पाणी. वर तेलाचा तवंग असला, आणि तेल मोजायच्या काडीवर लोण्यासारखं काही चिकटलं, तर इंजिनाच्या दोन भागांमधली गॅसकेट फुटून तेल-पाणी एक झालंय. झाकण काढून इंजिन चालू केल्यावर बुडबुडे यायला लागले, तर आतला जाळ पाण्यात शिरतोय. मग मोटार पुढं नेऊच नये.

माणसं मात्र आपल्याला जे ठाऊक असतं तेच मोटारीला करायला जातात. तेरखेड्याच्या एका दारूकाम करणाऱ्यानं रेडिएटरमध्ये मूठभर सोरा टाकला होता. सोऱ्यानं पाणी गार होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण लोट्यातलं पाणी वेगळं आणि इंजिनातलं वेगळं. एकदा लग्नाची मोटार घाटात तीन वेळा उकळली. नवरदेव घामानं निथळत खाली उतरला. मी बघितलं तर मोटारीच्या तोंडावर झेंडूचे इतके हार, आणि त्यावर वरमाईनं नेसवलेलं लुगडं, की आत वाऱ्याची झुळूक जाणार नाही. लुगडं सोडलं आणि मोटार निघाली. वरमाई मला म्हणाली, "नवरीआधी मोटारीचं लुगडं सोडलंस, अपशकुन केलास." मी म्हणाले, "बाई, मुहूर्त टळला असता तर त्याला शकुन म्हटलं असतं का?"

या गोष्टी हसायच्या. आता जी सांगते ती माझ्या चुकीची आहे.

धाराशिवचे वीरभद्रप्पा म्हणून धान्याचे व्यापारी होते. घरी कानडी बोलायचे, दुकानात मराठी, कचेरीत उर्दू. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. त्यांची एक सर्व्हिस मोटार होती. येडशी स्टेशनवरून निघून धाराशिव, तुळजापूर करत घाट उतरून तामलवाडीला जायची. तिथून पुढं इंग्रजी हद्द लागायची म्हणून तिथूनच परत फिरायची. ती चालवायला हुसेनमियाँ होते. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, येडशीचेच. हॉर्न वाजवायचे तोही माफी मागितल्यासारखा.

एका उन्हाळ्यात ही मोटार परतीच्या घाटात रोज उकळायला लागली. आधी एकदा, मग दोनदा, मग प्रवासी उतरून ढकलायला लागले. एक दिवस अप्पा स्वतः तिच्यात बसून आमच्या दुकानी आले. खाली उतरायच्या आतच बोलायला लागले.

"मिस्त्रीणबाई, ह्यो माणूस माझं पेट्रोल इकतोय आन् त्यात राकेल घालतोय. राकेलानं इंजिन तापतं, हे मला येका जाणत्यानं सांगितलंय. तुमी फकस्त व्हय म्हणा. मी इथनंच अमीनसायबाकडं जातो."

अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. लढाईच्या दिवसांत परवान्याचं पेट्रोल चोरून विकल्याचा आरोप म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ड्रायव्हरचा परवाना जाणार, वर तुरुंग. हुसेनमियाँ मोटारीच्या चाकाशी उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"भाभी, बच्च्यां की कसम," ते म्हणाले. "राकेल का एक थेंब बी नइ डाल्या मैं."

त्यांना तीन मुली होत्या. थोरलीचं लग्न ठरत आलं होतं.

मी अप्पांना म्हणाले, "मी व्हय म्हणायला बसलेली नाही. बघते आणि मग सांगते. तोवर सावलीत बसा."

मिस्त्री त्या दिवशी हिवतापानं घरात पडून होते. मी एकटीनंच बघितलं. आधी पेट्रोल बाटलीत काढलं. तळहातावर चार थेंब टाकले. पेट्रोल असलं की हात गार पडतो आणि लगेच कोरडा होतो. राकेल असलं की हात तेलकट राहतो. हात कोरडा झाला. अप्पांच्याही हातावर टाकून दाखवलं. पंख्याचा पट्टा ताठ होता. तेलाच्या काडीवर काळं तेल होतं, लोणी नव्हतं. झाकण काढून इंजिन चालवलं, बुडबुडे नव्हते. मग रेडिएटरला हात लावला. वर हात ठेववेना, आणि खालची नळी जेमतेम कोमट. म्हणजे पाणी वरून खाली उतरतच नव्हतं. खालची तोटी उघडली तर थेंब येईना. तार घातली तेव्हा करडा-पांढरा चिकट लगदा लोंबत बाहेर आला. रेडिएटरच्या खालच्या जोडालाही पांढरी खपली धरली होती आणि तिथं ओल होती.

मला सगळं उमगलं असं मला वाटलं.

त्या काळी रेडिएटरला दगड लागून बारीक भोक पडलं की ड्रायव्हर लोक मूठभर पीठ पाण्यात टाकायचे. पीठ शिजून फुगतं, भोकात जाऊन बसतं आणि गळती थांबते. घरापर्यंत पोचायला ही युक्ती चांगली आहे. पण दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढून भोकाला कथील वितळवून डाग द्यावा लागतो. मालकाला भिणारा ड्रायव्हर ते करत नाही. तो रोज थोडं थोडं पीठ टाकत राहतो, आणि शेवटी पीठ सगळ्या नळ्या बुजवतं. अशा तीन मोटारी मी पाहिल्या होत्या. ही चौथी, असं मी ठरवून टाकलं. घर वीस पावलांवर होतं. आत जाऊन मिस्त्रींना विचारता आलं असतं. विचारायची गरज वाटली नाही.

मी अप्पांना म्हणाले, "राकेल नाही. हुसेनमियाँ चोर नाहीत. रेडिएटर कुठंतरी आपटलाय, आणि पीठ घालून लपवलाय."

एकाच वाक्यात मी त्यांना सोडवलं आणि अडकवलं.

अप्पांनी हुसेनमियाँच्या हातातलं मोटार सुरू करायचं हँडल काढून घेतलं. "चोर न्हाईस म्हणून अमीनाकडं न्हेत न्हाय," ते म्हणाले. "पर उद्यापासनं येऊ नगंस."

हुसेनमियाँ माझ्याकडं बघून म्हणाले, "मैं पीठ नइ डाल्या, भाभी. तुमी पानी देखे. मेरे कू नइ देखे."

मला राग आला. इतकं स्पष्ट दिसत असताना माणूस नाकारतो कसा, असं वाटलं. संध्याकाळपर्यंत स्टेशनवरच्या टांगेवाल्यांनी त्यांना 'पीठवाले' म्हणायला सुरुवात केली होती.

मोटार दुकानातच होती. रेडिएटर खोलून उतरवला. धुण्याचा सोडा टाकून गरम पाणी ओतलं, पण वरून नव्हे, खालच्या तोंडातून. उलट्या बाजूनं पाणी सोडलं की घाण सैल होते. दोन दिवस हेच केलं. तरी काही नळ्या मोकळ्या होईनात, म्हणून मोडक्या छत्रीची काडी घेऊन एकेक नळी टोकरायला बसले. काडीच्या टोकाला लगदा येत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या लगद्यात एक बारीक, लांबट दाणा दिसला.

मी तो पुसून बघितला. जिरं होतं.

पुढच्या नळीत आणखी एक. मग लसणाच्या पाकळीचा शिजून पिवळा पडलेला तुकडा. मी ते सगळं तळहातावर घेऊन घरात गेले. मिस्त्री घोंगडी पांघरून बसले होते. त्यांच्या हातावर लगदा ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी आधी वास घेतला, मग बोट लावून चाखलं. मी ओरडले. ते म्हणाले, "गप. आंबूस हाय. आन् मीठ हाय."

मग त्यांनी विचारलं, "डायवर भोक बुजवाया पीठ घालंल. मीठ, जिरं, लसूण कशाला घालंल? भोकाला फोडणी देतो का त्यो?"

मी त्यांच्या हातावरचं जिरं बोटानं बाजूला केलं.

"जोड कसा हाय?"

"खपली धरलीय. गळतोय."

"मार लागून फुटलाय, का खाऊन गेलाय?"

मी बाहेर जाऊन पुन्हा बघितलं. जोडावर दगडाची खूण नव्हती. चेपलेलं काही नव्हतं. डाग आतून खाल्ला गेला होता, सुपारी किडल्यासारखा. मीठ आणि आंबट रोज पोटात गेलं तर पत्रा काय करील? म्हणजे भोक पडलं म्हणून पीठ घातलं नव्हतं. पीठ आत गेलं, त्यानंतर भोक पडलं होतं. मी परिणामाला कारण समजले होते.

घरात आले तर मिस्त्री एवढंच म्हणाले, "चाखायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुसेनमियाँच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. बरोबरच होतं. ते अंगणात बाजेची सुंभं आवळत बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं.

"मियाँ, मी चुकले. पीठ तुम्ही घातलेलं नाही."

ते हात न थांबवता म्हणाले, "मालूम है मेरे कू. फिर कौन डाल्या?"

मी फडक्यातलं जिरं दाखवलं आणि विचारलं, "पाणी कुठं भरता?"

"तामलवाडी कू. गिरजाआजी की वस्ती है ना, घाट के नीचे, वहाँ. मोटार गरम रहती, तो आधा घंटा खडी करतूं. गरम मोटार कू एकदम थंडा पानी दिये तो इंजिन फटता. आजी कू बी समझाया मैं. फिर मैं झाड के नीचे नमाज कू जातूं. आजी बोलती, जा लेकरा, मोटारीला मी बघते."

"आणि तुम्ही तिथं काही खाता?"

"आजी आंबील देती. ताक की, ज्वारी की. उसमें लसन, जिरा…"

त्यांचा हात थांबला. ते माझ्या फडक्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "या अल्ला."

आमच्या भागात उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची, ताक घालून केलेली पातळ आंबील पितात. अंगातली उष्णता जाते. उन्हातून आलेल्या माणसाला देतात. तापून आलेल्या बैलालाही पाजतात, कारण तापल्या बैलाला गार पाणी दाखवलं तर तो आजारी पडतो. गिरजाआजीनं मोटारीला बैलाचं औषध दिलं होतं.

"पण म्हातारीला मोटारीचा एवढा कळवळा कशाला?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. गेल्या साली आजीची लेक बाळंतपणात दोन दिवस अडली होती. हुसेनमियाँनी प्रवासी उतरवले, तिला मोटारीत निजवली आणि घाट चढून तुळजापूरच्या दवाखान्यात नेली. मायलेकरं दोन्ही वाचली. तेव्हापासून मोटार आली की आजी बॉनेटला कुंकू लावायची.

"आजी कू नको बोलो, भाभी," ते म्हणाले. "शरम से मर जाएगी."

"मग तुम्ही घरी बसणार? बाजा विणणार?"

त्यांनी सुंभ पुन्हा ओढायला घेतलं. आत कुणीतरी भांडं जोरात आपटलं.

मी तशीच धाराशिवला गेले. अप्पा पेढीवर होते, चार गिऱ्हाईकं बसलेली. मी ओटा न चढता खालूनच बोलले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. हुसेनमियाँना घालवलं ते माझ्या शब्दावरून, आणि तो शब्द चुकीचा होता. मग आंबिलीची हकीकत सांगितली. गिऱ्हाईकं खो खो हसली. एकजण म्हणाला, "अप्पा, उद्या मोटारीला भाकरी-ठेचा बी लागंल!" अप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोमट करून देत असंल का गं ती? बैलाला आमी कोमट देतो."

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "मोटारीला आंबील गार काय, कोमट काय, वाईटच."

अप्पा म्हणाले, "हुसेनला घेतो. पर आंबील बंद झाली पायजे. नळ्या पुन्यांदा तुंबल्या तर त्यो कायमचा घरी, आन् तुमच्या झाडाखाली माझी मोटार न्हाय. तुमची चूक, तुमीच जाऊन म्हातारीला सांगा. तुमच्या तोंडानं."

हे बोलणं मला पटलं.

रेडिएटरला नवा डाग दिला, स्वच्छ पाणी भरलं आणि मोटार निघाली. मी पुढच्या बाकावर बसले. मोटार घाट उतरायला लागली. मी मनात वाक्य जुळवत होते. 'आजी, तुमच्या आंबिलीनं मोटार बिघडली. पुन्हा घालू नका.' यात लांबवण्यासारखं काही नव्हतं. मी आयुष्यात याहून वाईट बातम्या लोकांच्या तोंडावर सांगितल्या होत्या.

वस्तीपाशी मोटार थांबली. सत्तरीची, वाकलेली बाई छपरातून लगबगीनं बाहेर आली.

"आलास व्हय रं लेकरा! चार दिस न्हाईस, चार दिस मोटार न्हाय. म्हटलं आजारी पडली का काय ही." तिनं बॉनेटवर पालथा हात ठेवला, पोराचं अंग बघावं तसा. "आजबी अंगात कढ हायच की. थांब, आणते."

आत जाऊन ती पितळी तांब्या घेऊन आली. वरून फडकं झाकलेलं. "कोमट केलीया बरं का. गारठी दिली की फुटती म्हणून तूच सांगितलंस न्हवं? आन् तू बगायच्या आदी आपली मी घालीत व्हते. म्हटलं मेला नगं म्हणंल, माझ्या म्हातारीचं पीठ सरंल म्हणून."

तिला वाटत होतं, तिनं केलं ते थोडंच आहे. मी तोंड उघडलं. शब्द तयार होते. पण माझ्या आधी हुसेनमियाँ बोलले, आणि आजीशी बोलत तसं मराठीतच बोलले.

"आजी, आता आंबील नको. मोटारीनं उपास धरलाय."

"उपास?"

"हौ. भवानीचा. निस्तं पाणी चालतं तिला."

आजी मोटारीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "तू कोण गं? खरं का हे?"

मी म्हणाले, "मी मोटारीची मिस्त्रीण. खरं हाय आजी. ज्वारी चालत नाही, ताक नाही, मीठ नाही. गोड्या विहिरीचं पाणी, गाळलेलं, आणि धुतलेल्या भांड्यातनं."

"भगर?"

"भगर पण नाही."

"शेंगदाणं तर चालत्यालच की उपासाला."

"नाही आजी. काहीच नाही."

"बया, लई कडक हाय की ही," आजी म्हणाली. तिनं तांब्या खाली ठेवला. राखेनं एक घागर घासली, पदरानं पाणी गाळलं आणि माझ्या हातात दिली. इतकं स्वच्छ पाणी त्या मोटारीला आमच्या हौदावरही मिळत नव्हतं. मोटार निवल्यावर मी ते भरत असताना तिनं विचारलं, "किती दिसाचा हाय?"

हुसेनमियाँ म्हणाले, "जवर चालंल तवर."

"रोज उपाशी, आन् वर एवढी माणसं घेऊन घाट चढायचा." आजीनं पुन्हा बॉनेटवर हात ठेवला. "असं करते. मंगळवार मी धरते. तिला एकटीला कशाला?"

मी म्हणाले, "आजी, तुमचं वय झालं. तुम्ही कशाला उपास…"

"गप गं," ती म्हणाली. "माजी लेक हिनं आणलीया माघारी."

मी अप्पांना जाऊन सांगितलं, आंबील बंद झाली. कशी बंद झाली ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हुसेनमियाँना हँडल परत मिळालं. मोटार पुन्हा तशी उकळली नाही. थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याला आम्ही दोघं जाऊन आलो. पण टांगेवाले त्यांना पीठवालेच म्हणत राहिले. मी चारचौघांत चूक कबूल केली होती, तरी नाव गेलं नाही. अजूनही येडशीत त्यांच्या नातवंडांना कुणी विचारलं, कुणाची रे तुम्ही, तर ती पीठवाल्यांची म्हणून सांगतात. त्यांना कारण माहीत नाही. मला माहीत आहे.

पुढं एका मंगळवारी तुळजापूरला काम निघालं म्हणून मी त्याच मोटारीनं गेले आणि तामलवाडीपर्यंत जाऊन परत फिरले. आजी छपराच्या सावलीत बसली होती. तिचे ओठ सुकले होते. हुसेनमियाँपुरती आंबील करून तिनं झाकून ठेवली होती. स्वतः सकाळपासून पाण्यावर होती. तिनं वाटी पुढं केली तर त्यांनी हात जोडले.

"आज माझाबी रोजा हाय, आजी."

"तुजा कसला?"

"असाच. मंगळवारचा."

आजी म्हणाली, "बरं हाय," आणि वाटी परत झाकून ठेवली.

घाट चढताना मी त्यांना म्हणाले, "मियाँ, सांगून टाकू या तिला. म्हातारी आपल्या एका शब्दासाठी उपाशी राहतेय."

त्यांनी वळण घेतलं. मग म्हणाले, "क्या बोलेंगे, भाभी? जो मोटार उसकी बेटी कू बचाई, उसी कू वो बिगाडी, ये बोलेंगे?"

माझ्या मांडीवर फडक्यात भाकरी आणि कांदा बांधलेला होता. भूक लागली नव्हती असं नाही. पण येडशी येईपर्यंत मी ती गाठ सोडली नाही.